दम लागण्यास जबाबदार व्यक्तींची यादी

२ फेब्रुवारी, सकाळी ७

आजपासून दोन वह्या. निळी वही डॉक्टरीणबाईंची. त्यांनी दिलेली नळी रोज दोनदा जोरात फुंकायची आणि काटा जिथे थांबेल तो आकडा निळ्या वहीत लिहायचा. ही काळी वही माझी. हिच्यात फक्त खरं. ठेवणार साइटच्या बुटांच्या खोक्यात. त्या खोक्याजवळ जायची या घरात कोणाची छाती नाही.

पहिलं खरं: मला दमा नाही.

बावीस वर्षं पाडकामावर आहे, त्यातली चौदा मुकादम. दोन थिएटरं पाडली, एक पूल, एक शाळा, एक तुरुंग. तुरुंगाच्या भिंतीला कोणी हात लावेना, मी लावला. लोक मला घण म्हणतात ते उगाच नाही. त्या माणसाला म्हणे दमा. तोही साधा नाही, गंभीर असू शकतो म्हणे. असू शकतो! बाई, एकदा काय ते ठरवा.

झालं एवढंच की गेल्या आठवड्यात साइटवर तीन जिने चढलो आणि वर ढिगाऱ्यावर दहा मिनिटं टेकलो. ओठ निळे पडले होते असं लोक म्हणतात. लोकांना काय, काहीही दिसतं. नेमकं मालकाने पाहिलं. आता डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणल्याशिवाय साइटवर पाय ठेवायचा नाही. आणि अठ्ठावीस मार्चला जुन्या कारखान्याचं धुराडं पाडायचंय. एकशे वीस फूट! आमच्या धंद्यात रिवाज आहे, काहीही पाडायचं असो, मशीन लागण्याआधी पहिला घाव मुकादमाचा. हाताने, घणाने. असं धुराडं आयुष्यात एकदाच वाट्याला येतं. तो घाव मी घालणार म्हणजे घालणार.

संकल्प: रोज फिरायला जाणे. शांत राहणे. डॉक्टरीणबाईंना मुठीत ठेवणे.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

फिरायला गेलो नाही. हवा बरी नव्हती.

मालकाचा फोन. म्हणाला, सर्टिफिकेट नाही मिळालं तर पहिला घाव तुमच्या मेहुण्याला घालू दे. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ, आमच्याच साइटवर तोडायचं मशीन चालवतो. बसल्या जागी खटके दाबतो. तो घाव घालणार! तळपायाची आग मस्तकात गेली. बेडरूमच्या दाराला एक ठेवून दिली. दाराला भेग. हात टम्म सुजला. लाल पाकिटातली एक गोळी घेतली. ती काही औषध नाही, ती साइटवर सगळेच खातात.

तासाभराने नाक चोंदलं, छाती आवळली, मांजर पाळल्यासारखा घशातून आवाज. पंप मारला, खिडकीशी उभा राहिलो. कारण उघड आहे. मालक.

एक नवीन शोध लागलाय. मला दमा नाही, मला माणसं लागतात. काहींना धूळ लागते, काहींना फुलं. मला ठराविक माणसं. यादी करायला घेतो.

आरोपी क्र. १: मालक.

५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे. बाई एवढीशी, पण बोलली की टोचते. मी त्यांना टाचणी म्हणतो (मनात).

टाचणी म्हणाली, पंप कसा मारता दाखवा. दाखवला. आधी टेबलावर तीनदा आपटला, मग तोंडात धरून दाबला आणि जोरात फुंकलं. टाचणी म्हणाली, तुम्ही औषध खोलीला देताय, छातीला नाही. फुंकायचं नाही, आत ओढायचं. किती दिवस असं करताय? म्हटलं, चार वर्षं. म्हणाली, दमा गंभीर आहे की पंप चुकीचा घेताय म्हणून तसा दिसतोय, हे आधी शोधायला हवं. त्यासाठीच ही निळी वही, असं म्हणून वहीवर बोट आपटलं.

मग प्रश्नांची सरबत्ती. वास येतो का? (येतो. थोडा कमी. कशाचा घ्यायचाय?) छातीत जळजळ? घोरता का? याचं उत्तर बायकोने दिलं, हवं त्यापेक्षा लांब. दुखण्याच्या गोळ्या घेता का? मी हसलो. म्हटलं, बाई, मी दुखणं खातो, गोळ्या नाही. टाचणीने लिहून घेतलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे पाहिलं.

७ फेब्रुवारी, सकाळ

नळी फुंकली. २१०. परत फुंकली, १९०. नळी खराब आहे. आपटून पाहिली. १८०.

असे आकडे गेले तर सर्टिफिकेट विसरा. शेवटी मेहुण्याला बोलावलं. त्याला साइटवर भोंगा म्हणतात, मशीन चालू असताना त्याची हाक तीन गल्ल्या ऐकू जाते. म्हटलं, फुंक. त्याने फुंकलं. ६४०! म्हणाला, भावोजी, हे बरोबर नाही. म्हटलं, तुला माझी काळजी आहे का नाही? म्हणाला, आहे म्हणूनच म्हणतोय. म्हटलं, मग उद्यापासून कामावर जाताना आणि येताना फुंकून जायचं.

निळ्या वहीत: ६४०. सुंदर अक्षरात.

९ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू दुपारी फर्निचर सरकवतो. रोज. एवढ्याशा घरात माणूस किती सरकवणार? आज टाचा वर करून छताला बुक्की मारली. पोहोचली नाही, म्हणून भिंतीला मारली. आमचीच भिंत, पण संदेश गेला असणार. बोटांची सालटी निघाली. लाल पाकिटातली एक.

तासाभराने जबरदस्त. घाम, शिट्ट्या, वाक्य एका दमात पुरं होईना. बायकोने पाठ चोळली, पंप धरला (आत ओढा, आत ओढा, म्हणत होती, स्वतःही ओढत होती). रिक्षाने दवाखान्यात. वाफ दिली, सुई टोचली. टाचणीने पाच दिवसांच्या जोरकस गोळ्या दिल्या. म्हणाली, भूक वाढेल, साखर वाढेल, चिडचिड होईल. म्हटलं, चिडचिड मला होतच नाही.

आरोपी क्र. २: वरचा.

परत आल्यावर सामानाच्या खोलीत धप धप आवाज. बायको आतच होती. विचारलं तर म्हणाली, उंदीर असेल. चांगला मोठा दिसतोय.

१३ फेब्रुवारी

त्या गोळ्या वाईट. सकाळी सहा अंडी, अख्खा पाव, अकरा वाजता परत भूक. बायकोने फळं पुढे केली. मी फळं फेकली नाहीत, हे नोंदवतो. ताटली फेकली. फळं तिच्यावरच होती.

रक्त तपासलं. साखर वाढलीय. टाचणी म्हणे, आता हीही सांभाळावी लागेल. म्हणजे दम्यासाठी गोळी, गोळीने साखर, साखरेसाठी गोळी. मीही एवढ्या मजल्यांची बिल्डिंग कधी पाहिली नाही.

सामानाच्या खोलीत परत उंदीर. ताटली फुटल्यावर लगेच. आवाजाने बिथरला असणार. पिंजरा आणला.

१६ फेब्रुवारी

दूध ठेवून बायको खाली गेली. मी ओट्यापासून चार हातांवर पेपर वाचत होतो. ती आली, किंचाळली. दूध जळून कोळसा, घरात धूर, मला पत्ता नाही. म्हणाली, तुम्हाला एवढा वास येत नाही? म्हटलं, येतो, पण मी वाचत होतो. म्हणाली, तुमचं नाक मेलंय, त्या डॉक्टरांना सांगा. पित्त खवळलं. फ्रिजच्या दाराला हाणली. फ्रिज थरथरला, वरचे दोन डबे पडले. हात गेला कामातून. एक गोळी.

चहाच्या वेळेपर्यंत छाती बंद.

आरोपी क्र. ३ म्हणून बायकोचं नाव लिहिलं. मग खोडलं. ती माझी पाठ चोळत होती, तेव्हा लिहिणं बरं दिसेना. अर्धा आरोपी. क्र. २॥.

पिंजरा रिकामा. पावाचा तुकडा जसाच्या तसा. हुशार जात आहे.

२३ फेब्रुवारी

मेहुणा म्हणाला, भावोजी, मी आता फुंकणार नाही. ताईशी खोटं बोलवत नाही. आणि पुढे म्हणतो कसा, मालकांनी धुराड्याचं मलाच विचारलंय. माझ्या मिठाला जागणारा माणूस! मी त्याच्या मशीनपर्यंत चालत गेलो (गेटवरचा पहारेकरी चहाला गेला होता) आणि केबिनच्या दाराला अशी एक लगावली की पत्र्याला माझ्या चार बोटांचे खळगे पडले. चारही मोजता येतात. तिथेच उभ्या उभ्या एक गोळी, पाण्याशिवाय.

बसथांब्यापर्यंत आलो आणि खांबाला धरून उभा राहिलो. श्वास आत जात होता, बाहेर यायचं नाव घेत नव्हता. एका अनोळखी बाईने विचारलं, काका, कोणाला फोन करू? मी काका! खूप काही सुनवायचं होतं. दम नव्हता. तिनेच रिक्षाने दवाखान्यात पोहोचवलं.

आरोपी क्र. ३: मेहुणा. (फुंकायला मात्र परत यायला तयार झालाय. रडत होता. भोंगा रडताना सुद्धा तीन गल्ल्या ऐकू जातो.)

२६ फेब्रुवारी

अपमान.

बायको सोफ्याच्या गाद्या शिवायच्या दुकानात काम करते. आज तिने स्पंजचा चौकोनी तुकडा आणला, वर तपकिरी रेग्झिन, कडेने पायपिंग, एकदम फिनिशिंगचं काम. आणि बेडरूमच्या दाराला ठोकला, बरोब्बर माझ्या बुक्कीच्या उंचीवर. मापही घेतलेलं दिसतंय.

विचारलं, हे काय? म्हणाली, दार घरमालकाचं आहे, परत करायचंय. म्हटलं, मी काय वेडा आहे का? म्हणाली, नाही हो, पण दाराने काय केलंय?

मी असल्या गादीला हात लावणार नाही. माणसाची काही इज्जत असते.

२ मार्च

वरच्याने फर्निचर सरकवलं. गादीला हाणली. धप. काही मजाच नाही. घण रुईत मारल्यासारखं. हात दुखत नाही, दार हलत नाही, कोणी घाबरत नाही. परत हाणली. परत. अकरा वेळा. मग कंटाळा आला आणि पेपर वाचला.

८ मार्च

छाती मोकळी. गेल्या तेरा दिवसांत एकदाही दवाखान्यात नाही. आज नळी स्वतः फुंकली, गंमत म्हणून. ३३०!

याचं श्रेय पूर्णपणे माझ्या श्वासाच्या व्यायामाला. रोज दहा मिनिटं करतो. (तीनदा केला. एकदा झोप लागली.) शिवाय मी बराच शांत झालोय. मुळात शांतच होतो, लोकांना आता कळायला लागलंय.

पंप आता आत ओढतो, हेही एक. ते मात्र टाचणीला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

उंदीरही गप्प आहे. माझा दरारा.

१५ मार्च

अजून छान. दोन जिने न थांबता. बायको रात्री बसून राहायची, ती आता झोपते. मला वाटायचं तिला झोपेचा त्रास आहे. म्हणाली, तुमचा श्वास मोजत बसायचे. मोजायचं काय त्यात? एक आत, एक बाहेर.

तरी वाईट वाटलं. लिहून ठेवतो, वाईट वाटलं.

अठ्ठावीसला तेरा दिवस. घण धुऊन, दांडा घासून ठेवला.

१९ मार्च, दुपार

टाचणीकडे गेलो, सर्टिफिकेट घ्यायला. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

तिने निळी वही उघडली. सकाळी ६४०, संध्याकाळी ६४०, सहा आठवडे. म्हणाली, तुम्ही दोनदा मरता मरता दवाखान्यात आलात, त्या दिवशीही ६४०. म्हटलं, सातत्य आहे माझ्यात. म्हणाली, इथे फुंका. फुंकलं. ३४०. म्हणाली, घरी ६४० आणि इथे ३४०? म्हटलं, बाई, तुमचा दवाखाना मला मानवत नाही.

हसली नाही. म्हणाली, हे आकडे खोटे आहेत तोवर मी आंधळी आहे. दमा का बिघडतो तेच मला कळत नाही. तुमच्या नाकात मांस वाढलंय असा संशय आहे, छातीत ॲसिड वर येतं, साखर आहे, वजन आहे, झोपेत श्वास अडकतो. एका अंगात पाच भाडेकरू, आणि कोण कोणाला चिथावतोय ते शोधल्याशिवाय सर्टिफिकेट देणार नाही. नाकाचा स्कॅन करा, झोपेची तपासणी करा, मग बघू.

मग बघू! नऊ दिवसांवर धुराडं! हात शिवशिवले. तिच्या टेबलावर मूठ आपटली. काच तडकली, स्टेथोस्कोप खाली, बाहेरचे पेशंट उठून उभे. टाचणी जागची हलली नाही. विचारते कशी, हात दुखला का? म्हटलं, नाही. दुखला की काय घेता? म्हटलं, काही नाही. परत एकदा विचारलं, सावकाश. काहीच नाही? म्हटलं, बाई, दुखणं खातो म्हणून सांगितलं ना एकदा.

१९ मार्च, संध्याकाळ

घरी येऊन एक गोळी. काच कडक होती.

पाच वाजता अ‍ॅटॅक. तीन आठवड्यांची मेहनत त्या बाईने धुळीला मिळवली. आता तर शंकाच नाही.

आरोपी क्र. ४: टाचणी. डॉक्टर असून! हिची तक्रार करणार आहे. कुठे करायची ते बघतो.

उंदीर परत. बराच वेळ धपधप. या वेळी औषधच आणलं, खोलीच्या उंबऱ्याशी पुड्या ठेवल्या. बायको म्हणाली, त्याला औषध नका घालू, बिचारं तुमचं काय घेतं? उंदरावर दया! मला कधी बिचारा म्हणाली नाही.

२७ मार्च, दुपारी ४

मालकाचा फोन. उद्या पहिला घाव मेहुणा घालणार. तुम्ही बघायला या, म्हणाला. लांब खुर्ची ठेवतो. सावलीत.

सावलीत खुर्ची.

बावीस वर्षं.

बेडरूममध्ये गेलो. ती गादी. तपकिरी, पायपिंगवाली. ही गादी आल्यापासून मी बायल्यासारखा स्पंज बडवतोय, म्हणून तर खुर्ची देतायत. दोन्ही हातांनी उपटली. खिळ्यांसकट आली. बायको नको नको म्हणत होती. आणि उघड्या दाराला हाणली. एक, दोन, तीन. चौथीला दार आरपार. हात दाराच्या पलीकडे. खूप दिवसांनी काहीतरी पडल्यासारखं वाटलं.

हाड गेलं असणार. दोन गोळ्या. एकीने काय होतंय.

४.५०

नाक बंद. डोळे लाल. छाती

बायको फोन करतेय. पत्ता सांगताना ओरडतेय. ही कधी ओरडत नाही

पंप आत ओढतोय आत जातच नाही

आरोपी

३ एप्रिल, हॉस्पिटल

पेन मेहुण्याचं, कागदही त्याचाच. उजव्या हाताला प्लास्टर, डाव्याने लिहितोय.

पाच दिवस आठवत नाहीत. दोन दिवस घशात नळी होती, मशीन माझ्यासाठी श्वास घेत होतं. मशीन. मेहुणा बाहेर उभा राहून रडत होता, ते आत अतिदक्षता विभागात ऐकू येत होतं म्हणे.

४ एप्रिल

धुराडं पडलं. मेहुण्याने मोबाईलवर दाखवलं. नऊ सेकंद. धूळ, आणि मग मागचं आकाश.

विचारलं, पहिला घाव कसा बसला? म्हणाला, घातलाच नाही. तुम्ही इथे होतात. मालकांना म्हटलं, मुकादम नाही तर घाव नाही, थेट मशीन लावतो. मी भिंतीकडे तोंड केलं. त्याचं नाव यादीतून काढावं म्हणतोय.

५ एप्रिल, सकाळी ११

टाचणी आली. हातात वही. काळी.

मागे बायको उभी, तिनेच दिली. म्हणाली, बेशुद्ध माणसाच्या वहीला कसली परवानगी. बुटांच्या खोक्यातून! विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, तीन फेब्रुवारीपासून. रोज वाचते. गोळ्यांचं वाचलं होतं, पण मलाही ते औषध वाटलं नाही. आपल्याकडे सगळेच खातात. म्हणाली, मी तेव्हाच दाखवली असती तर.

टाचणी म्हणाली, निळ्या वहीने मला दोन महिने फसवलं आणि ही वही वाचायला वीस मिनिटं लागली. मग माझ्याच वहीतली पानं उलटून मलाच दाखवली. दोन फेब्रुवारी: बुक्की, गोळी, तासाने अ‍ॅटॅक. नऊ: बुक्की, गोळी, अ‍ॅटॅक. सोळा. तेवीस. एकोणीस मार्च. सत्तावीस. सहा बुक्क्या, सहा वेळा गोळी, सहा अ‍ॅटॅक. मध्ये गादी होती तेव्हा हात दुखला नाही, गोळी नाही, अ‍ॅटॅक नाही. नाकात मांस, वास गेलेला आणि दमा असं ज्यांना असतं त्यांच्यातल्या काहींना ही लाल पाकिटातली गोळी विषासारखी लागते म्हणे. म्हणाली, अवघड नव्हतं, तुम्ही फार नीट लिहिता हो.

म्हटलं, पण माणसं? मालक? वरचा? त्यांच्यामुळेच ना? म्हणाली, तेव्हा समोर होते एवढाच त्यांचा गुन्हा. तुम्ही तर मलाही क्रमांक चार दिलाय.

तोंड कुठे लपवावं कळेना. प्लास्टरमागे लपत नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. नाही, आपलीच मूठ आणि आपलीच छाती.

५ एप्रिल, दुपार

टाचणीने कागद दिला. टाळायच्या गोष्टींची यादी. तीनदा वाचली. सात गोळ्यांची नावं, धूळ, धूर, झोपण्याआधी पोटभर जेवण. मालकाचं नाव नाही. वरच्याचं नाही. मेहुण्याचं नाही. बायकोचं अर्धंसुद्धा नाही. खाली: नाकाचं ऑपरेशन ठरवू, झोपेची तपासणी बाकी, साखर महिन्याने, पंप रोज, आत ओढून. पाडकाम बंद.

सहीच्या जागी बारीक अक्षरात: टाचणी.

९ एप्रिल, संध्याकाळ, घर

आलो. संकल्प: शांत राहणे. (जुनाच. पण या वेळी डाव्या हाताने लिहिलाय.)

बेडरूमचं दार बदललंय, त्यावर गादी परत लागलीय. हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या एकच विचार करत होतो की या बाईने माझा जीव वाचावा म्हणून गादी शिवली, किती माया. आज तसं बोलून दाखवलं. म्हणाली, अहो, दार वाचावं म्हणून. खरंच. मग थोड्या वेळाने म्हणाली, आणि मला माहीत होतं, बरं वाटतं त्याने.

तुला कसं माहीत, असं विचारेपर्यंत ती दुकानात गेली होती.

उंदराच्या पुड्या उचलायला सामानाच्या खोलीत गेलो. एकही पुडी कुरतडलेली नाही. पिंजऱ्यातला पाव दगड झालाय. परत निघालो आणि धक्का लागून दार मिटलं. या दाराची आतली बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. कशाला पाहणार?

दाराला आतून गादी ठोकलेली. माझ्या उंचीवर नाही, वीतभर खाली. पायपिंग नाही, घाईघाईत शिवलेली. मधोमध खोल खड्डा, रेग्झिन फाटून आतला स्पंज भुगा झालेला. निळं रेग्झिन. ओळखलं. हे आमच्या पहिल्या सोफ्याचं. तो सोफा आम्ही सोळा वर्षांपूर्वी काढला.

खड्ड्यावर डावी मूठ ठेवून पाहिली. माझ्या मुठीला तो लहान पडतो.

श्वास ठीक होता.

मग वही घेऊन बसलो. ती वाचणार हे माहीत असून लिहितोय. नवीन यादी: हिला राग येण्यास जबाबदार व्यक्ती. आरोपी क्र. १ लिहिला. क्र. २ काही केल्या सुचेना. पिंजरा उचलून माळ्यावर टाकला.